वायरमन, सुतार, वेल्डर: ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी कोणतं काम धरतात?

हातात कला आहे, ऑस्ट्रेलियाचा वर्षभराचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा मिळाला आहे, आणि आता तिथे आणखी एक वर्ष काढायचं आहे. मग शेतात केळी तोडायलाच जायला हवं का? की आपलं सुतारकाम, वायरिंग, प्लंबिंग करूनही दुसरं वर्ष मिळतं?

मिळतं. पण तुम्ही सुतार आहात म्हणून मिळत नाही. दुसरा व्हिसा देताना ऑस्ट्रेलियाचं गृह खातं तुमचं सर्टिफिकेट मागत नाही. ते तीन गोष्टी पाहतं: काम कोणत्या उद्योगात मोडतं, ते कोणत्या पोस्टकोडमध्ये झालं आणि त्याचा रीतसर पगार मिळाला का. तिन्ही जुळलं तर फावडं मारणारा बिगारीही पात्र ठरतो. एक जरी हुकलं तरी वीस वर्षं अनुभव असलेला वेल्डर अपात्र ठरतो.

आधी एक खुलासा, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ऑस्ट्रेलियात या प्रकारचे दोन व्हिसा आहेत, ४१७ आणि ४६२. भारतीय पासपोर्टवर मिळतो तो ४६२. भारतासाठी तो २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, आणि पहिल्या व्हिसासाठी आधी सोडतीत नाव नोंदवावं लागतं. ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन पोरांचे जे व्हिडिओ तुम्ही पाहता ते ४१७ वाले असतात. पुढच्या व्हिसासाठी कोणतं काम धरायचं, याच्या दोन्हींच्या याद्या एकसारख्या नाहीत. ४१७ वाल्यांना खाणीतलं काम चालतं, ४६२ च्या यादीत खाणकाम नाही. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना तर जुलै २०२४ पासून दुसऱ्या-तिसऱ्या व्हिसासाठी असं काम करावंच लागत नाही. तेव्हा 'अरे, काही लागत नाही' असं एखाद्या ब्रिटिश रूममेटने सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो, पण ते तुम्हाला लागू नसतं.

दुसऱ्या व्हिसाला सोडत नाही. पहिल्या व्हिसावर असताना तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, यादीतलं काम केलं की अर्ज करता येतो. तिसऱ्यासाठी सहा महिने, म्हणजे १७९ दिवस, आणि तेही दुसऱ्या व्हिसावर असताना केलेलं. पहिल्या वर्षी २०० दिवस राबलात तरी वरचे दिवस तिसऱ्यासाठी शिल्लक राहत नाहीत.

पायरी पहिली: नकाशा

नोकरी शोधण्याआधी पोस्टकोड पाहा. बहुतेक जण उलटं करतात: मेलबर्नमध्ये ओळखीच्या माणसाकडे काम मिळतं, पगार चांगला असतो, आणि चार महिन्यांनी कळतं की त्यातला एकही दिवस धरला जाणार नाही.

४६२ साठी बांधकाम धरलं जातं ते उत्तर ऑस्ट्रेलियात आणि खात्याने नेमून दिलेल्या इतर प्रादेशिक भागांत. उत्तर ऑस्ट्रेलिया म्हणजे संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरी, शिवाय क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा मकरवृत्ताच्या वरचा भाग. डार्विन, केर्न्स, टाउन्सव्हिल, ब्रूम ही त्यातली मोठी गावं. इतर प्रादेशिक भागांसाठी खात्याच्या संकेतस्थळावर राज्यवार पोस्टकोडची यादी आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ ही महानगरं त्यात बसत नाहीत. यादी पाहताना ४६२ च्याच पानावर आहात ना, याची खात्री करा. शोधयंत्र बहुतेक वेळा ४१७ चं पान आधी पुढे करतं.

पोस्टकोड कोणता? तुम्ही राहता तिथला नाही, कंपनीच्या ऑफिसचाही नाही. जिथे प्रत्यक्ष हात चालले त्या साइटचा. कंपनी एका पात्र गावात नोंदलेली आहे, पण तिचं काम महानगराच्या उपनगरात चालू आहे, तर ते दिवस गेले. आठवड्यातले तीन दिवस एका साइटवर आणि दोन दिवस दुसरीकडे जात असाल तर कोणत्या तारखेला कुठे होतात याची नोंद स्वतः ठेवा. ठेकेदार तुमच्यासाठी ती ठेवणार नाही.

पायरी दुसरी: काम बांधकामात मोडतं का?

ऑस्ट्रेलियात उद्योगांचं एक अधिकृत वर्गीकरण आहे. त्यातल्या बांधकाम विभागात घरं आणि इमारती बांधणं, रस्ते-पूल-धरणांसारखी अवजड कामं, जमीन सपाट करून साइट तयार करणं, आणि तीन प्रकारच्या बांधकाम सेवा येतात. पहिली ढाच्याची: काँक्रीट, विटकाम, छप्पर, लोखंडी सांगाडा उभारणं. दुसरी जोडणीची: प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एसी, फायर अलार्म. तिसरी फिनिशिंगची: प्लास्टर, सुतारकाम, लादी, रंग, काचा. आपल्याकडच्या साइटवर सेंट्रिंगवाल्यापासून पेंटरपर्यंत जेवढे लोक दिसतात, ते जवळपास सगळे यात आले.

खरी गंमत कडेच्या कामांत आहे. एकच माणूस, एकच यंत्र, पण जागा बदलली की उत्तर बदलतं.

वेल्डर घ्या. टाउन्सव्हिलमध्ये गोदामाचा सांगाडा उभा करताना साइटवर वेल्डिंग केलं, ते बांधकाम. त्याच गावात फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसून त्याच गोदामाचे बीम तयार केले, तर ते कारखानदारी, आणि कारखानदारी यादीत नाही. नोकरीच्या जाहिरातीत दोन्हीकडे एकच शब्द असतो: बॉयलरमेकर. त्यामुळे मुलाखतीत थेट विचारा, वर्कशॉपमध्ये किती दिवस आणि साइटवर किती? निम्मं-निम्मं असेल तर हिशेब अवघड होतो, कारण यादीतलं काम हे तुमचं मुख्य काम असावं लागतं, अधूनमधून केलेलं नव्हे.

सुताराचंही तसंच. किचनचे कपाट कारखान्यात बनवणं धरत नाहीत, ते घरात नेऊन बसवणं हे सुतारकाम म्हणून बांधकामात येतं. माळीकामात तर आणखी बारीक रेघ आहे: नव्या घराभोवतीचं आवार तयार करणं, भिंती आणि फरसबंदीसकट, हे बांधकाम, तयार बागेतलं गवत दर आठवड्याला कापणं हे नाही. मोटार मेकॅनिकचं गॅरेज कुठेही असो, ते दुरुस्ती सेवेत जातं. बांधकाम साइटची झाडलोट करणाऱ्या सफाई कंपनीतही धोका आहे, कारण सफाई हा वेगळा उद्योग आहे.

रंगकामासाठी एक सूचना. खात्याने दिलेल्या उदाहरणांत नव्या इमारतींचा आतला-बाहेरचा रंग असा उल्लेख आहे. उद्योगांच्या वर्गीकरणात इमारतींची डागडुजी आणि नूतनीकरणही बांधकामातच येतं, पण जुन्या घरांना रंग देणाऱ्या कंपनीत असाल तर मालकाच्या पत्रात कामाचं वर्णन नेमकं लिहून घ्या. 'जनरल मेंटेनन्स' एवढंच लिहिलेलं पत्र अर्ज तपासणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा करतं, आणि उत्तर द्यायला तुम्ही समोर नसता.

आपल्याकडून जाणाऱ्यांत एक मोठा गट सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेल्यांचा असतो, कारण पहिल्या व्हिसासाठीच शिक्षणाची अट आहे. त्यांच्यासाठी महत्त्वाचं: नगररचना आणि आर्किटेक्चरचं काम धरलं जात नाही, असं खात्याने स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे डार्विनमध्ये एसी ऑफिसात बसून ड्रॉइंग करणारा अपात्र, आणि त्याच ड्रॉइंगवरून शटरिंग ठोकणारा पात्र. माझं मत विचाराल तर डिग्री तीन महिने बॅगेत ठेवा आणि साइटवर लेबरर म्हणून उतरा. त्याने व्हिसाचा प्रश्न सुटतो आणि तिथली कामाची पद्धतही कळते. 'इंजिनीअर होऊन पाट्या टाकतो' हे गावाकडे सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बांधकामाबाहेरच्या दोन कलाही इथे उपयोगी पडतात. आचारी उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा दुर्गम आणि अतिदुर्गम ठरवलेल्या भागात हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये काम करत असेल तर ते पर्यटन आणि आतिथ्य या गटात धरलं जातं. मात्र खाणीच्या छावणीतला स्वयंपाक धरला जात नाही, असं उदाहरण खात्यानेच दिलं आहे. खाटीककाम येणाऱ्याला प्रादेशिक भागातल्या कत्तलखान्यात प्राथमिक प्रक्रियेचे दिवस मिळतात, किरकोळ मटणाच्या दुकानातले मिळत नाहीत. पूर, चक्रीवादळ किंवा वणव्यानंतरच्या पुनर्बांधणीचाही वेगळा गट आहे. जाहीर झालेल्या आपत्तीग्रस्त भागात कुंपणं, घरं, रस्ते दुरुस्त करणं त्यात येतं, आणि कारागिराला तिथे मागणी असते.

पायरी तिसरी: साइटवर पाय ठेवण्याचा परवाना

व्हिसाला सर्टिफिकेट लागत नाही, पण साइटला लागतं. बांधकामाच्या कोणत्याही साइटवर 'व्हाइट कार्ड' हवंच. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेकडून सुरक्षिततेचं छोटं प्रशिक्षण घेतलं की ते मिळतं, आणि एका राज्यातलं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं. पोहोचल्या आठवड्यातच काढून टाका. ते नसेल तर फोनवरच नकार मिळतो.

इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांनी जरा दम धरावा. ही परवान्याची कामं आहेत आणि परवाना राज्यवार मिळतो. महाराष्ट्रातला वायरमनचा परवाना किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र दाखवून तिथे स्वतंत्रपणे वायरिंग करता येत नाही. त्याआधी कौशल्याची तपासणी, स्थानिक नियमांचं प्रशिक्षण, देखरेखीखालचं काम असा लांब रस्ता आहे, आणि वर्षभराच्या व्हिसात तो पुरा करायच्या मागे लागलात तर ८८ दिवस बाजूलाच राहतील. त्यापेक्षा ट्रेड असिस्टंट म्हणून लागा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली केबल ओढणं, ट्रे बसवणं, खोदाई, सामान पुरवणं. व्हिसाच्या दृष्टीने मदतनीसाचा दिवस आणि मिस्त्रीचा दिवस सारखाच. एसी आणि फ्रिजवाल्यांना गॅस हाताळण्यासाठी ऑस्ट्रेलियन रेफ्रिजरेशन कौन्सिलचा वेगळा परवाना लागतो. उंच परांची बांधणं, क्रेन, फोर्कलिफ्ट यांना धोकादायक कामांचं लायसन्स लागतं; ते देशभर चालतं आणि त्याने रोजही वाढतो.

सुतार, लादीवाले, प्लास्टरवाले, पेंटर यांना कुणाच्या हाताखाली नोकरी करताना सहसा वैयक्तिक परवाना लागत नाही. स्वतः ठेका घ्यायला गेलात की चित्र बदलतं. क्वीन्सलंडमध्ये ३,३०० डॉलरच्या वरचं बांधकामाचं काम स्वतःच्या नावावर घ्यायचं तर तिथल्या बांधकाम आयोगाचा परवाना हवा.

पायरी चौथी: पगार कसा घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

फुकटचं काम, म्हणजे राहणं-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम, धरलं जात नाही. पगार ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे मिळालेला असावा लागतो आणि त्याचा पुरावा म्हणून पे-स्लिप द्यावी लागते. देशाचा किमान वेतनदर जुलै २०२५ मध्ये ताशी २४.९५ डॉलर झाला. कॅज्युअल कामगाराला, म्हणजे कायम नसलेल्या, लागेल तेव्हा बोलावलेल्या माणसाला, त्यावर २५ टक्के जास्त मिळतात, आणि बांधकामाचे दर याहून वर असतात. 'आपलाच माणूस आहेस, रोज १५० डॉलर हातावर देतो' असं कुणी म्हणालं, मग तो मराठी बोलणारा का असेना, तर तो तुमचे पैसेही कापतोय आणि दिवसही. रोखीच्या कामाचा पुरावा उरत नाही.

दुसरा सापळा एबीएनचा, म्हणजे तिथल्या व्यवसाय नोंदणी क्रमांकाचा. ठेकेदार म्हणतो, नोकरीवर घेत नाही, तू तुझा एबीएन काढ आणि बिल दे. म्हणजे कागदावर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक झालात. पे-स्लिप नाही, निवृत्तिनिधी नाही, अपघात झाला तर भांडण. बिलं, बँकेच्या नोंदी, करारपत्र दाखवून काम सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. त्यातून तुम्ही रोज त्याच्याच वेळेला, त्याचीच अवजारं घेऊन, त्याच्याच हुकमाने काम करत असाल तर तो नोकरीला ठेक्याचा मुखवटा चढवण्याचा प्रकार आहे आणि तिथे तो बेकायदेशीर आहे. फेअर वर्क ओम्बुड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते. त्यांच्याकडे दुभाष्याचीही सोय आहे.

पहिली पे-स्लिप आली की ती नीट वाचा. मालकाचं नाव आणि एबीएन आहे का? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आहे? तास लिहिले आहेत की नुसती रक्कम? कर किती कापला? कर खात्याकडे नोंदलेल्या मालकाने या व्हिसावाल्यांचा पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर कापायचा असतो. ३० टक्के कापलेला दिसला तर मालकाने ती नोंदणीच केलेली नाही. तुम्ही टॅक्स फाइल नंबर, म्हणजे कर खात्याकडचा तुमचा क्रमांक, दिला नसेल तर ४५ टक्के कापले जातात. आणि आकडा बँकेत जमा झालेल्या रकमेशी जुळतो का? दोन-चार डॉलरचा फरक असला तरी त्याच आठवड्यात विचारा. सहा महिन्यांनी तो हिशेबनीस तिथे नसेल.

लेबर हायर, म्हणजे कामगार पुरवणाऱ्या, कंपनीमार्फत लागलात तर आणखी एक काळजी घ्या. पे-स्लिपवर त्या कंपनीचं नाव आणि तिच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो, तो बहुतेक वेळा ब्रिस्बेन किंवा पर्थचा. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल तुम्ही शहरात काम केलंत. अशा वेळी कंपनीकडून साइटचा पत्ता, पोस्टकोड, कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेलं पत्र घ्या, शक्य तर दर साइट बदलताना. साइटवरच्या हजेरीचे, टाइमशीटचे फोटो काढून ठेवा.

पायरी पाचवी: दिवस मोजणं

८८ दिवस म्हणजे ८८ हजेऱ्या नव्हेत. त्या उद्योगात जो पूर्ण आठवडा धरतात, साधारण ३५ ते ४० तास, तेवढं काम केलंत तर शनिवार-रविवार धरून सातही दिवस मोजले जातात. सोमवार ते शुक्रवार पूर्णवेळ १२ आठवडे केले तर ८४ दिवस. चार कमी पडतात. १३ आठवड्यांत ९१ होतात. तिसऱ्या व्हिसाचे १७९ दिवस २६ आठवड्यांत पुरे होतात, २५ मध्ये १७५ च होतात.

पण आठवड्याला तीनच दिवस बोलावत असतील तर तीनच धरायचे. त्या वेगाने ८८ ला ३० आठवडे लागतात. एका दिवसात दोन पाळ्यांएवढे तास भरले तरी तो एकच दिवस. बिनपगारी सुट्टी मोजू नका. आजारपणाची सुट्टी तेव्हाच, जेव्हा तिचा पगार कायद्याने मिळतो. कॅज्युअल कामगाराला सहसा मिळत नाही. वेगवेगळ्या मालकांकडचे, मधे खंड पडलेले दिवस एकत्र करता येतात.

बांधकामात हे हिशेब पावसावर अवलंबून असतात. उत्तरेत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, आणि तो जोरदार असतो. साइट बंद, कॅज्युअलला पगार नाही, दिवस नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत तिथलं बांधकाम क्षेत्र दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातं. म्हणून मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम साधा. सप्टेंबरच्या शेवटी डार्विनला पोहोचून 'तीन महिने तर हवेत' असा हिशेब करू नका. आणि ८८ वर थांबू नका, ९५-१०० होऊ द्या. एखाद्या आठवड्यावर आक्षेप आला तर तेवढी जागा राहते.

एकाच मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, हा या व्हिसाचा सर्वसाधारण नियम. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बांधकामाला यातून सूट आहे. दक्षिणेच्या प्रादेशिक गावांतल्या बांधकामाला तशी सरसकट सूट नाही. तिसऱ्या व्हिसाचे सहा महिने एकाच ठेकेदाराकडे काढायचा विचार असेल तर हा फरक नोकरी धरण्याआधीच लक्षात घ्या.

पायरी सहावी: अर्ज

अर्ज खात्याच्या इमीअकाउंट या पोर्टलवर ऑनलाइन होतो. ४६२ साठी कामाच्या पडताळणीचा फॉर्म १४६४ आहे. १२६३ हा ४१७ वाल्यांचा, तो भरून नेऊ नका. फॉर्मवर प्रत्येक मालकाची सही काम सोडतानाच घ्या. मागाहून घेऊ म्हणालात आणि फोरमनने नोकरी बदलली, की तुम्ही त्याच्या मागे फोन करत बसता. फॉर्मसोबत सगळ्या पे-स्लिप, त्या काळातलं बँक स्टेटमेंट आणि साइटची पत्रं तारखेच्या क्रमाने एकत्र करा. एका साध्या तक्त्यात मालक, एबीएन, साइटचा पोस्टकोड, कामाचा प्रकार, पासून-पर्यंत आणि धरलेले दिवस लिहून जोडलं तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं आणि तुमची चूकही तुम्हाला आधी दिसते.

खातं मालकाला फोन करून खात्री करू शकतं. पैसे देऊन खोट्या पे-स्लिप मिळतात, असं सांगणारे हॉस्टेलात भेटतील. बनावट कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातो आणि पुढची तीन वर्षं इतर बहुतेक व्हिसांचीही दारं बंद होतात. ज्याला पुढे कारागिरीच्या जोरावर तिथे स्थिरावायचं आहे त्याने तर तिकडे फिरकूच नये.

वय पाहा. अर्जाच्या दिवशी १८ ते ३० मध्ये असायला हवं, ३१ वा वाढदिवस उलटलेला नको. शुल्क पहिल्यासारखंच पूर्ण भरावं लागतं. आणि जागेचं भान ठेवा: ऑस्ट्रेलियात असताना अर्ज केला तर निर्णयाच्या वेळीही ऑस्ट्रेलियातच असावं लागतं, भारतातून केला तर ऑस्ट्रेलियाच्या बाहेर. बहिणीच्या लग्नाला डिसेंबरात घरी यायचं असेल तर अर्ज नागपुरातून करायचा की डार्विनमधून, हे तिकीट काढण्याआधी ठरवा.